बर्फातलं मीठ काय सांगतं? : वाचकांचे प्रश्न

दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रबर्फाने 2023 च्या हिवाळ्यात नीचांक गाठला. त्या सप्टेंबरात तो फार तर 1 कोटी 70 लाख चौरस किलोमीटर पसरला. 1981 ते 2010 च्या सरासरीपेक्षा हे क्षेत्र सुमारे साडेसतरा लाखांनी कमी होतं. मागच्या अंकातल्या या टिपणात एक वाक्य होतं : ‘उपग्रहांच्या आधीचा समुद्रबर्फ हिमगाभ्यांवरून कळतो.’ आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी नेमकं तेच वाक्य धरलं आहे, आणि ते रास्तच आहे. एका वाक्यात उरकण्याजोगा हा विषय नाही.

प्रश्न : हिमगाभा, म्हणजे आइस कोअर, जमिनीवर साठलेल्या बर्फातून काढतात. समुद्रावरचा बर्फ मात्र उन्हाळ्यात वितळून जातो. जो उरतच नाही, त्याची नोंद दुसऱ्या बर्फात कशी सापडते? (वाचक, रत्नागिरी)

तुमची शंका बरोबर आहे. अंटार्क्टिकाभोवती सप्टेंबरमध्ये सरासरी 1 कोटी 85 लाख चौरस किलोमीटर समुद्र गोठलेला असतो आणि फेब्रुवारीपर्यंत त्यातला जेमतेम सहावा भाग शिल्लक राहतो. हा बर्फ स्वतःच्या मागे काहीही ठेवत नाही. मागे राहतं ते वाऱ्याने त्याच्यावरून आणि त्याच्या कडेवरून उचलून नेलेलं मीठ आणि आम्ल. ते शेकडो किलोमीटर आत, हिमचादरीवर पडणाऱ्या हिमासोबत खाली बसतं. वरून पुढच्या वर्षीचं हिम पडतं, मग त्याच्या पुढच्या वर्षीचं. असे थर दबत जातात आणि आपण वरून भोक पाडून ते क्रमाने बाहेर काढतो.

म्हणून हिमगाभ्यात समुद्रबर्फ मोजता येत नाही. मोजता येतो तो त्याचा वाऱ्याहाती आलेला निरोप. या पानावरच्या पुढच्या सगळ्या उत्तरांचा गाभा हाच आहे : निरोप कोणी धाडला, वाटेत त्याचं काय झालं आणि पोहोचल्यावर तो बर्फात जसाच्या तसा राहिला का, हे तिन्ही तपासल्याशिवाय एकही आकडा लिहायचा नसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर सूक्ष्मलहरींनी समुद्रबर्फाची सलग मोजणी निंबस-7 या उपग्रहामुळे 1978 च्या अखेरीस सुरू झाली. त्याआधीचं चित्र जहाजांच्या नोंदींवर उभं आहे. देवमाशांची शिकार करणारी जहाजं बर्फाच्या कडेकडेने फिरत आणि प्रत्येक शिकारीचं ठिकाण लिहून ठेवत. त्या नोंदी तपासून विल्यम डे ला मेअर यांनी 1997 मध्ये दाखवलं की 1950 च्या दशकाचा मध्य आणि 1970 च्या दशकाची सुरुवात यांच्या दरम्यान उन्हाळी बर्फाची कड दक्षिणेकडे जवळपास 3 अक्षांश सरकली असावी. त्यावर पुष्कळ वाद झाला, कारण जहाजांवरून आणि उपग्रहांवरून दिसणारी ‘कड’ एकच नसते. स्वतंत्र पुरावा हवा होता, आणि तो बर्फातच शोधावा लागला.

प्रश्न : समुद्र गोठला की उघडं पाणी लांब जातं. मग लाटांचे तुषार कमी उडतील आणि हिमात मीठ कमी पडेल. तरी तुम्ही लिहिता की मीठ जास्त म्हणजे समुद्रबर्फ जास्त. हे उलटं कसं? (वाचक, उरण)

संशोधकांनाही अनेक वर्षं हेच वाटत होतं. पण किनारपट्टीवरच्या केंद्रांत हवा गाळून मीठ मोजलं तेव्हा ते हिवाळ्यात जास्त भरलं, म्हणजे उघडं पाणी सर्वांत लांब असताना! वेडेल समुद्राकाठच्या हॅली केंद्रावरच्या नोंदींनी हा पेच ठळकपणे पुढे आणला आणि उत्तरही त्याच मिठात सापडलं.

तुम्ही उरणचे, म्हणून मिठागरावरूनच सांगतो. आगरात पाणी आटत जातं तसे क्षार एकदम खाली बसत नाहीत, पाळीपाळीने बसतात. आधी चुना, मग जिप्सम, मग आपलं मीठ, आणि शेवटी मॅग्नेशियमचं कडवट पाणी उरतं. समुद्र गोठतानाही असंच घडतं, फक्त पाणी वाफ होऊन जाण्याऐवजी बर्फ होऊन बाजूला होतं. उणे 1.8 अंश सेल्सियसला समुद्राचं पाणी गोठू लागतं. बर्फाचा स्फटिक मीठ आत घेत नाही, त्यामुळे फटींत आणि पृष्ठभागावर दाट खारं पाणी साचतं. तापमान उणे 6 ते 8 अंशांच्या खाली गेलं की त्या खाऱ्या पाण्यातून मिराबिलाइट हा क्षार वेगळा होतो. त्याच्या एका रेणूत सोडियमचे दोन अणू, एक सल्फेट आणि पाण्याचे दहा रेणू असतात.

आता हिशेब करा. एक किलो समुद्रपाण्यात सुमारे 10.8 ग्रॅम सोडियम आणि 2.7 ग्रॅम सल्फेट असतं, म्हणजे सल्फेट सोडियमच्या 0.25 पट. सगळं सल्फेट मिराबिलाइट होऊन गेलं तरी त्यासोबत सोडियम जातं ते फक्त 1.3 ग्रॅम, जेमतेम 12 टक्के. म्हणजे उरलेल्या खाऱ्या पाण्यात सोडियम भरपूर असतं आणि सल्फेट मात्र नावालाच. त्या पाण्यातून उडालेल्या मिठावर ही खूण कायमची बसते.

हिमगाभ्याच्या एखाद्या हिवाळी थरात सोडियम अब्जात 100 भाग मिळालं, असं धरा. ते उघड्या समुद्रातून आलं असेल तर सोबत सल्फेट किमान 25 भाग असायलाच हवं. ज्वालामुखी किंवा समुद्री शेवाळं यांच्यामुळे ते जास्त असू शकेल, कमी असण्याला मात्र काही कारण नाही. मोजणीत 15 निघालं, तर वजाबाकी उणे 10 येते. असा उणे आकडा दिसला की यंत्र बिघडलंय असं समजून तो खोडायचा नाही. हे मीठ गोठलेल्या समुद्रावरून आलंय, याचा त्याहून सरळ पुरावा नाही.

मीठ उडतं कसं, यावर मतं बदलली आहेत. नव्या, पातळ बर्फावर दोन-चार सेंटिमीटर उंचीची, पिसासारखी हिमफुलं उगवतात. ती खारं पाणी शोषून घेतात आणि समुद्रपाण्यापेक्षा कितीतरी खारट होतात. आधी सगळं श्रेय त्यांनाच दिलं गेलं. पण ही फुलं वाऱ्यात सहसा मोडत नाहीत, हे पुढे ध्यानात आलं. आज जास्त वजन आहे ते वाऱ्याने उडणाऱ्या खारट हिमाला. समुद्रबर्फावर पडलेलं हिम खालून खारं पाणी ओढून घेतं. वारा सेकंदाला 7-8 मीटरच्या पुढे गेला की ते उडतं, त्यातलं पाणी हवेतच उडून जातं आणि मिठाचे सूक्ष्म कण मागे उरतात. 2013 च्या हिवाळ्यात पोलारश्टर्न या जर्मन संशोधनजहाजावरून वेडेल समुद्रात केलेल्या मोजणीने याला प्रत्यक्ष आधार दिला.

तरी तुमचं म्हणणं सर्वस्वी चूक नाही. उघड्या समुद्राचं मीठही येतंच, वादळी वर्षी तर फार. त्यामुळे सोडियमचा वार्षिक आलेख हा निम्मा समुद्रबर्फाचा आणि निम्मा वाऱ्याचा असतो. एकेका वर्षाचा निकाल त्यावरून देऊ नये. दशकांचा किंवा शतकांचा कल पाहायला तो बरा.

प्रश्न : एमएसए म्हणजे काय? त्याला मिठापेक्षा जास्त भरवशाचा का मानतात? (विद्यार्थी, कोल्हापूर)

मिथेनसल्फोनिक आम्ल. समुद्रकिनाऱ्यावर जो खास वास येतो, त्यात डायमिथाइल सल्फाइड या वायूचा मोठा वाटा आहे. तो सूक्ष्म शेवाळांपासून येतो. अंटार्क्टिक समुद्रात फिओसिस्टिस नावाचं शेवाळ या कामात आघाडीवर आहे. वसंतात समुद्रबर्फ फुटू-वितळू लागला की कडेच्या गोड्या, प्रकाशाने भरलेल्या थरात शेवाळं फोफावतात, वायू हवेत जातो आणि त्याचं ऑक्सिडीकरण होऊन काही भाग एमएसए बनतो. याला दुसरा उगम नाही. ज्वालामुखीतून तो येत नाही, धुळीतून येत नाही. भरवशाचं खरं कारण हे आहे. हिवाळ्यात बर्फ जितका दूर पसरला, तितका पट्टा उन्हाळ्यात उघडा पडणार आणि तितका एमएसए जास्त, असा हा तर्क आहे.

पण त्याचे दोष माहीत नसले तर तो मिठापेक्षा जास्त फसवतो. एमएसए बर्फात जागचा हलतो. उन्हाळी थरात बसलेलं शिखर काही मीटर खोलीनंतर हळूहळू शेजारच्या हिवाळी थरात सरकतं. वार्षिक सरासरी घेतली तर हे निभावून जातं. महिन्यामहिन्याचा अर्थ लावायला गेलात तर फसाल. जिथे वर्षाला अगदी थोडं हिम पडतं, तिथे तो वरच्या थरांतून पुन्हा हवेत निसटतो. अशा ठिकाणी हिमयुगातल्या बर्फात तो जास्त दिसतो, पण त्याचा अर्थ त्या काळी शेवाळं जास्त होती असा नाही. धुळीतल्या क्षारांनी त्याला धरून ठेवलं, एवढंच. आणि तिसरं, ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं : गाभा शीतगृहात पडून असतानाही एमएसए बाहेर झिरपत राहतो. दहा वर्षं ठेवलेल्या गाभ्याची आजची मोजणी काढल्याकाढल्या केलेल्या मोजणीशी जुळेलच असं नाही. म्हणून मोजण्यांच्या यादीत एमएसएचा नंबर पहिला लावायचा.

प्रश्न : हिमनग आणि समुद्रबर्फ एकच ना? (वाचक, नांदेड)

नाही. हिमनग हा जमिनीवरच्या हिमचादरीचा तुटलेला तुकडा, म्हणजे गोडं, हजारो वर्षं जुनं हिम. समुद्रबर्फ म्हणजे समुद्राचं पाणी जागेवरच गोठून झालेली पातळ पपडी. अंटार्क्टिकाभोवती ती बहुतेक ठिकाणी एक-दोन मीटरपेक्षा जाड नसते.

प्रश्न : आमच्या वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे आणि तिथे हिमगाभे ठेवतात, एवढंच ऐकून आहे. गाभा जमिनीतून काढल्यापासून आकडा हाती येईपर्यंत नेमकं काय करतात? (वाचक, मुरगाव)

हो, हेडलँड सडा इथलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. हिमगाभे ठेवण्यासाठी आणि कापण्यासाठी तिथे उणे 20 अंशांचं शीतगृह आहे. पूर्व अंटार्क्टिकातल्या ड्रोनिंग मॉड लँडच्या किनारी भागातले भारतीय मोहिमांनी काढलेले गाभे तिथे तपासले जातात.

समुद्रबर्फाच्या कामाला तीन किलोमीटर खोल भोक लागत नाही. 100 मीटरच्या आतला गाभा किनारी भागात दोन-तीन शतकं सहज देतो, आणि तो भोकात तेल न भरता कोरडाच काढता येतो. ही मोठी सोय आहे, कारण भोक मिटू नये म्हणून ओतलेलं द्रव रसायनांच्या मोजणीत लुडबुड करतं. ड्रिल एका खेपेला साधारण एक मीटर लांब, 10 सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल वर आणतं. तो लगेच मोजायचा, तोलायचा आणि वरची बाजू बाणाने दाखवायची. वजन आणि आकारमानावरून घनता निघते. पृष्ठभागी ती घनमीटरला 350-400 किलो असते आणि खाली वाढत जाऊन 830 च्या आसपास हवेच्या फटी बंद होतात. घनता चुकली की ‘या वर्षी किती हिम पडलं’ हा आकडा चुकतो आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एखादा तुकडा उलटा पिशवीत गेला तर एक मीटरभर इतिहास उलटा वाचला जातो. असं घडू शकतं, म्हणून तुटलेल्या कडा एकमेकींना जुळतात का हे प्रत्येक खेपेला पाहून नोंदवायचं.

मग पॉलिथिनच्या नळीत बंद करून, उष्णतारोधक पेट्यांत, गोठलेल्या अवस्थेत जहाजाने आणायचं. वाटेत शीतपेटी काही तास जरी बंद पडली तरी वरचा भुसभुशीत भाग खलास. म्हणून पेटीत तापमान नोंदणारं यंत्र हवंच, आणि त्याचा आलेख उघडताना पहिल्यांदा पाहायचा.

शीतगृहात पट्टीकरवतीने गाभा लांबीत कापतात. एक भाग पुराव्यासाठी जपून ठेवतात, एक पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांसाठी (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) आणि मधला सर्वांत स्वच्छ भाग आयनांसाठी, म्हणजे क्षार-आम्लांच्या विद्युतभारित कणांसाठी. बाहेरचा किमान एक सेंटिमीटर थर सिरॅमिकच्या सुरीने खरवडून टाकायचा, कारण तिथे ड्रिलचा आणि हातांचा स्पर्श झालेला असतो. स्पर्शाने काय होतं ते एकदा आकड्यात पाहावं. घामात लिटरला साधारण एक ग्रॅम सोडियम असतं. थेंबाचा पन्नासावा भाग, म्हणजे एक मायक्रोलिटर घाम दहा मिलिलिटरच्या नमुन्यात मिसळला की सोडियम अब्जात 100 भागांनी वाढतं. आपण जे मोजायला बसलो आहोत, ते तितकंच असतं! म्हणून पावडर नसलेले हातमोजे, त्यावर दुसरे हातमोजे आणि रात्रभर अतिशुद्ध पाण्यात भिजवून ठेवलेल्या बाटल्या. अतिशुद्ध पाण्याचा बर्फ गोठवून त्याचाही तुकडा नमुन्यासारखाच कापून, खरवडून मोजायचा. त्यात जे निघेल ती आपली घाण, बर्फाची नव्हे.

नमुने दर दोन ते पाच सेंटिमीटरला घेतात. किती बारीक घ्यायचे ते हिम किती पडतं त्यावर. एका वर्षात किमान आठ-दहा नमुने मिळाले नाहीत तर उन्हाळा-हिवाळा ओळखता येत नाही. दुसरी पद्धत सलग वितळवण्याची : साडेतीन सेंटिमीटर चौरस छेदाची कांडी तापलेल्या धातूच्या चकतीवर उभी करतात, ती मिनिटाला तीन-चार सेंटिमीटर वितळते आणि आतल्या वर्तुळाचंच पाणी यंत्राकडे जातं. घट्ट बर्फाला ही पद्धत उत्तम आहे. वरच्या सच्छिद्र थरात मात्र वितळलेलं पाणी टीपकागदासारखं वर चढतं आणि वरचं वर्ष खालच्यात मिसळतं.

शेवटी आयन क्रोमॅटोग्राफी, म्हणजे नमुना एका द्रवासोबत नळीतून धावू देऊन त्यातले आयन एकेक वेगळे करून मोजणं. एमएसएचं शिखर क्लोराइडच्या अवाढव्य शिखराच्या थोडं आधी, फॉर्मेट-अ‍ॅसिटेट या दुसऱ्या आम्लांच्या आयनांशेजारी बारीकसं येतं. धावणारं द्रव सावकाश दाट करत नेलं नाही तर ती एकमेकांत मिसळतात. आणखी एक सावधगिरी : सोडियम, कॅल्शियम मोजणाऱ्या धन आयनांच्या यंत्रात धावतं द्रव म्हणून पुष्कळदा मिथेनसल्फोनिक आम्लच वापरतात. तेच आम्ल आपण शेजारच्या यंत्रावर अब्जात दहा-वीस भाग शोधत असतो. दोन्ही यंत्रांच्या बाटल्या, पिपेट आणि हातमोजे वेगळे ठेवले नाहीत, तर आलेख सुंदर येतो आणि पूर्ण खोटा असतो.

प्रश्न : थर कोणत्या वर्षाचा हे कसं ठरवता? आणि आम्लाच्या आकड्यावरून बर्फाचं क्षेत्र काढताना संख्याशास्त्र काय लावता? (निवृत्त शिक्षक, पुणे)

वर्षं आधी मोजायची. ऑक्सिजनचे समस्थानिक आणि समुद्री मिठाव्यतिरिक्तचं सल्फेट उन्हाळ्यात वर जातं, सोडियम हिवाळ्यात. दोन-तीन आलेख शेजारी ठेवून शिखरं मोजत खाली जायचं आणि ठरलेल्या खुंट्यांवर पडताळायचं. या खुंट्या म्हणजे ज्वालामुखींचे मोठे उद्रेक : 1991 चा पिनातुबो, 1963 चा आगुंग, 1815 चा तंबोरा. शेवटच्या दोघांचं सल्फेट अंटार्क्टिकात पुढच्या वर्षीच्या थरात मिळतं. 1809 चाही एक मोठा उद्रेक बर्फात ठळक आहे. तंबोराच्या खाली सहा-सात वर्षांवर तो दिसला की जोडी जुळली. 1960 च्या दशकातल्या अणुचाचण्यांचं ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, ही आणखी एक पक्की खूण.

आता वर्षाची व्याख्या, कारण घसरण्याची जागा हीच. दक्षिणेचा बर्फ सप्टेंबरमध्ये सर्वाधिक असतो आणि त्या बर्फाचा एमएसए पुढच्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पडतो. म्हणजे 1985 च्या हिवाळी बर्फाची खूण 1985-86 च्या उन्हाळी थरात. जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष कापलंत तर एकाच शिखराचे दोन तुकडे दोन वर्षांत जातात आणि संबंध कोसळतो. गाभ्याचं वर्ष हिवाळा ते हिवाळा धरावं. कालगणनेत एका वर्षाची चूक राहिली तरी परिणाम असाच होतो, म्हणून उपग्रहकाळातल्या चाळीसेक थरांची मोजणी दोघांनी स्वतंत्र करावी आणि मगच जुळवावी.

संबंध काढण्यापूर्वी दोन्ही मालिकांतला दीर्घ कल वजा करा. दोन्ही घटत असतील तर त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतानाही सहसंबंधांक, म्हणजे दोन मालिका किती जुळतात ते सांगणारा आकडा, मोठा येतो. आणि तो 0.6 आला म्हणून हुरळून जायचं नाही. त्याचा वर्ग 0.36, म्हणजे वर्षावर्षाच्या चढउतारातला तिसऱ्या हिश्शाहून थोडाच जास्त भाग कळला. त्याहून घातक मोह रेखांश निवडण्याचा. बर्फाचं क्षेत्र कोणत्या पट्ट्यातलं घ्यायचं, हे हवेच्या प्रवाहाचे चार-पाच दिवसांचे उलटे मार्ग काढून, म्हणजे गाभ्याच्या जागी हवा कुठून आली ते पाहून, आधीच ठरवावं. सगळे पट्टे तपासून सर्वांत जुळणारा घेतला, तर 360 अंशांत कुठे ना कुठे जुळणारा पट्टा सापडणारच! निम्म्या वर्षांवर समीकरण बसवून ते उरलेल्या निम्म्या वर्षांवर तपासलं नसेल, तर अशा आलेखावर आम्ही विश्वास ठेवत नाही. तुमच्यासारख्या शिक्षकांना हे सांगायची गरज नाही, पण छापून आलेल्या आलेखांतही ही चूक दिसते.

एकट्या गाभ्याला वाऱ्याने रचलेल्या हिमाच्या वरंब्यांचा गोंगाट असतो. जवळपासचे तीन गाभे एकत्र केले की तो बराच दबतो.

प्रश्न : एवढं करून हाती काय आलं? (वाचक, नागपूर)

पूर्व अंटार्क्टिकातल्या लॉ डोमवर हिम भरपूर पडतं, त्यामुळे थर जाड आणि स्वच्छ. मार्क करन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तिथला एमएसए 22 वर्षांच्या उपग्रह नोंदींशी, पूर्व रेखांश 80 ते 140 या पट्ट्यापुरता जुळवला आणि 1841 पर्यंत मागे नेला. साधारण 1950 पासून त्या पट्ट्यातला समुद्रबर्फ 20 टक्क्यांनी घटला, असं उत्तर आलं. त्यांनी सोबत एक गोष्ट स्पष्ट लिहिली, तिचं मोल मोठं आहे : ही घट सरळ नाही. सुमारे 11 वर्षांच्या मोठ्या लाटांमध्ये ती दडलेली आहे आणि तेव्हाच्या तोकड्या उपग्रहकाळात तो कल ओळखणं अवघड होतं.

नेरिली एब्रम यांच्या गटाने 2010 मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचे तीन गाभे एकत्र करून बेलिंग्सहाउझेन समुद्रात विसाव्या शतकभर बर्फ घटत गेल्याचं दाखवलं. गोव्याच्या केंद्रातल्या संशोधकांनी 2021 मध्ये पश्चिम हिंदी महासागराच्या बाजूच्या समुद्रबर्फाचा दोन शतकांचा आलेख मांडला.

पण वेडेल समुद्राची गोष्ट लक्षात ठेवा. तिथे एमएसए आणि बर्फ यांचं नातं उलटं निघालं. गार वारा जमिनीकडून समुद्राकडे जोरात वाहतो तेव्हा बर्फ पसरतो, आणि तोच वारा एमएसएला गाभ्यापर्यंत येऊ देत नाही. लॉ डोमचं समीकरण उचलून तिथे लावलं असतं तर वाढीला घट म्हटलं गेलं असतं. प्रत्येक जागेचं समीकरण त्या जागेवरच बसवावं लागतं.

प्रश्न : हिमयुगांपर्यंत मागे जाता येतं का? (वाचक, औरंगाबाद)

जाता येतं, पण धूसर. अंटार्क्टिकाच्या आत डोम सी इथे एपिका या युरोपीय प्रकल्पाने काढलेल्या गाभ्यात 8 लाख वर्षांचा बर्फ आहे. तिथे वर्षाला पाण्याच्या मापात जेमतेम अडीच सेंटिमीटर हिम पडतं, म्हणून एमएसए कामाचा नाही आणि सोडियमवर भिस्त ठेवावी लागते. एरिक वुल्फ यांच्या गटाने 2006 मध्ये 7 लाख 40 हजार वर्षांचा सोडियमचा आलेख दिला. हिमयुगात धुळीतलंही सोडियम वाढतं, ते कॅल्शियमच्या मोजणीवरून वजा करतात. खरी अडचण पुढची आहे. बर्फ एका मर्यादेपलीकडे पसरला की त्याची कड इतकी दूर जाते की तिथलं मीठ वाटेतच गळून पडतं. बर्फ आणखी वाढला तरी आकडा वाढत नाही. म्हणजे उष्ण काळातले बदल हा आलेख नीट दाखवतो, हिमयुगाच्या भर काळातले नाही. तिथे समुद्रतळाच्या गाळातले डायाटम, म्हणजे कवच असलेली सूक्ष्म शेवाळं, जास्त भरवशाचे.

ऑक्सिजनच्या समस्थानिकांचाही उपयोग झाला आहे. 1 लाख 28 हजार वर्षांपूर्वीच्या उष्ण काळात गाभ्यांत दिसणारं शिखर हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांतून (मॉडेल) तपासलं, तेव्हा हिवाळी समुद्रबर्फ सुमारे 65 टक्क्यांनी कमी मानला तरच ते जुळलं. हा निष्कर्ष 2016 चा.

प्रश्न : उत्तर ध्रुवाकडे आणि हिमालयात हेच करता येईल का? (वाचक, बेळगाव)

हिमालयात नाही. तिथल्या बर्फात मोसमी वारे आणि धूळ यांची कथा आहे, ध्रुवीय समुद्राची नव्हे. उत्तरेकडे करतात, पण तिथल्या अनेक हिमटोप्यांवर उन्हाळ्यात पाणी सुटतं, ते खाली झिरपतं आणि आयन धुऊन नेतं. मग वर्षाऐवजी पाच-दहा वर्षांची सरासरीच खरी मानावी लागते. कॅनडाच्या बॅफिन बेटावरच्या पेनी हिमटोपीच्या 700 वर्षांच्या नोंदीत तर मीठ वाढलं म्हणजे वसंतातला बर्फ कमी, असा अर्थ निघतो. उरणच्या वाचकांचा तर्क तिथे लागू पडतो! ब्रोमीन आणि सोडियमचं गुणोत्तर ही नवी खूण आहे. समुद्रपाण्यात ते 0.0062 असतं आणि नव्या बर्फावरच्या वसंतातल्या रासायनिक क्रियांनी हिमात वाढतं. पण उन्हाने ब्रोमीन हिमातून पुन्हा निसटतं, त्यामुळे थोडं हिम पडणाऱ्या जागी ही खूण वापरू नये.

प्रश्न : 2023 ची घट हिमगाभ्यांत दिसेल का? (विद्यार्थिनी, नाशिक)

जुन्या गाभ्यांत दिसणार नाही. 1990 च्या दशकात काढलेला गाभा 1990 च्या दशकातच संपतो. लॉ डोमच्या त्या कामाची नोंद 1995 ला थांबते. 2014 मध्ये समुद्रबर्फाने 2 कोटी चौरस किलोमीटरचा टप्पा ओलांडला आणि नऊच वर्षांत नीचांक गाठला, म्हणजे समीकरणाला सर्वांत कठोर परीक्षा देणारी वर्षं जुन्या गाभ्यांच्या बाहेर आहेत. त्यासाठी त्याच जागी पुन्हा जावं लागतं. खोल ड्रिल लागत नाही. वर्षाला पाण्याच्या मापात 30 सेंटिमीटर हिम पडत असेल तर चाळीस वर्षांचं 12 मीटर पाणी होतं, आणि वरच्या हिमाची सरासरी घनता पाण्याच्या निम्मी धरली तर भोक 24 मीटरचं. दोन-तीन माणसं हलक्या ड्रिलने एक-दोन दिवसांत ते काढू शकतात. जुन्या भोकापासून काही मीटर अंतर ठेवायचं, दहा-पंधरा वर्षांचे थर जुन्या गाभ्याशी जुळतील इतकं खोल जायचं आणि एमएसए त्याच वर्षी मोजायचा. अगदी वरचा अर्धा मीटर वेगळा, खड्डा खणून, स्वच्छ बाटल्यांनी आडवा टोचून घ्यावा. ड्रिलमध्ये तो भुगा होऊन येतो आणि सगळ्यात ताजी वर्षं त्यातच असतात.